चित्रांवर पोट भरायचं तर पुणं गाठावं, की खान्देशातच मांड टाकावी?

रेषा_चोपडा
नमस्कार मंडळी. वाचक जुनी आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझं एटीडी (कलाशिक्षक पदविका) झालं आहे. चोपड्यात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. वाढदिवसाचे बॅनर, लग्नपत्रिका, मृत्यूनंतरच्या गंधमुक्तीविधीचे फलक, दुकानांच्या पाट्या. हात बसला आहे, वेग आला आहे, मालक माणूस चांगला आहे. रात्री मात्र वेगळं काम करते. आजीचं माहेर शिंदखेड्याकडचं, तिच्याकडून ऐकलेल्या अहिराणी गोष्टी मुलांसाठी चित्रांतून मांडते. आतापर्यंतची पानं एका ओळखीच्या बाईंनी पाहिली, त्यांनी पुढे पाठवली आणि पुण्यातल्या एका ॲनिमेशन स्टुडिओतून नोकरीचं विचारलं. स्टोरीबोर्डचं काम, म्हणजे फिल्म बनण्याआधी ती चित्रांच्या चौकटींत मांडायची. पगार दुकानापेक्षा बराच जास्त, पण पुण्याचं भाडं वजा केलं की फार फरक राहत नाही.

वडिलांची केळीची बाग आहे. ते म्हणतात, तुझं तू ठरव. आई म्हणते, तिकडे जाऊनही दुसऱ्याचंच चित्र काढायचं तर घर का सोडायचं?

दहा-पंधरा वर्षं अशा कामावर काढलेल्या लोकांना विचारायचं आहे. गाणी, नाटक, चित्रं, लेखन, फोटो, काहीही चालेल. तुम्हाला समाधान नेमकं कशातून मिळालं? आणि जे आवडतं तेच रोज पैशासाठी करायला लागल्यावर त्याची गोडी कशी टिकवली? "मनाचं ऐक" सोडून काहीही सांगा.

तापीकाठचा
जा. वय आहे तोवर जा. परत येता येतं.

धुळेकर_प्रिंटवाला
ताई, मी तुमच्या मालकाच्या जागी बसलेला माणूस आहे. धुळ्यात माझं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

आपल्याकडे गिऱ्हाईक पैसे देतं ते चौरस फुटाचे. डिझाइन फुकट, हे त्याने गृहीतच धरलेलं असतं. ही सवय आम्हा दुकानदारांनीच लावली. शेजारचा फुकट करतो म्हणून आपण फुकट करायचं. त्यामुळे डिझायनर कितीही चांगला असला तरी त्याची किंमत फ्लेक्सच्या भावात बुडते. तुम्ही इथं राहिलात तर पहिलं काम हे करा: छपाईपासून डिझाइन वेगळं काढा. बिलावर वेगळी ओळ, वेगळी रक्कम. मी हे सुरू केलं तेव्हा काही गिऱ्हाइकं गेली. राहिली ती दवाखाने, बियाणे कंपन्या, शाळा, सोन्याचांदीची दुकानं. ते लोक दरवर्षी येतात आणि घासाघीस कमी करतात.

दुसरं, निम्मे पैसे आधी. तिसरं, दुरुस्त्या किती वेळा करून देणार ते सुरुवातीलाच सांगायचं, नाहीतर "भाऊ, फोटो जरासा मोठा करा" यातच रात्र जाते. पत्रिकेच्या मजकुराला सही घेतल्याशिवाय छापायचं नाही. नावाच्या क्रमावरून दोन घरांत अबोला धरलेला मी पाहिला आहे.

मोठ्या शहरात गेलं की किंमत आपोआप कळते, हे मला पटत नाही. तिकडे किंमत स्टुडिओला कळते. तुम्हाला पगार कळतो.

नंदुरबार_ते_कोथरूड
प्रिंटवाले भाऊ, शेवटच्या दोन वाक्यांशी असहमत. मी नंदुरबारहून पुण्याला आलो आणि बारा वर्षं याच धंद्यात आहे: आधी जाहिरातीची एजन्सी, मग ॲनिमेशन, आता स्वतंत्र.

पगाराबरोबर आणखी काय मिळतं ते सांगतो. माझ्या शेजारी बसणारी मुलगी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं रेखाटायची. रोज तिच्या टेबलावर नजर जायची आणि हात सुधारायचा. नंदुरबारात मी वर्गात पहिला होतो, म्हणजे मला सुधारणारं कुणी नव्हतं. स्टुडिओत पंधरा जण तुमच्या फ्रेमवर बोट ठेवतात: इथं नजर अडकते, हा हात कुठून आला, हे पात्र मागच्या शॉटमध्ये डावीकडे होतं. स्टोरीबोर्ड म्हणजे गोष्ट कशी कापायची, काय दाखवायचं, काय लपवायचं याचं शिक्षण. रेषाताई, तुम्ही गोष्टींची पुस्तकं करू पाहता. हे शिक्षण तुमच्या थेट उपयोगाचं आहे.

झिजवणारी बाजूही आहे. डेडलाइन आली की रात्री जातात. आपण काढलेलं दृश्य कापलं जातं आणि कारण कुणी सांगत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे घरी आल्यावर पेन्सिल हातात घेववत नाही. माझी स्वतःची वही तीन वर्षं कोरी होती. मग मी सकाळची वेळ धरली. ऑफिसला जाण्याआधीचा तास माझा. संध्याकाळवर भरवसा ठेवला असता तर काहीच झालं नसतं.

जा, पण किती काळासाठी ते ठरवून जा. काय शिकायचं ते लिहून जा.

भुसावळ_लोको
आम्ही तिसरीच वाट धरली, तीही ऐका.

मी रेल्वेत होतो, आता निवृत्त. नाटक हौशी रंगभूमीवर केलं, आयुष्यभर. राज्य नाट्य स्पर्धेत कधी अभिनेता, कधी दिग्दर्शक, कधी नुसता प्रकाशयोजनेची पेटी सांभाळणारा. शिफ्ट ड्युटी होती. रात्रपाळी करून आलो की चार तास झोपायचं आणि तालमीला हजर. भुसावळात रेल्वे आहे, आयुध निर्माणी आहे, दीपनगरचं वीज केंद्र आहे. आमच्या नाटकांतली निम्मी मंडळी तिथलीच. घर पगारावर चालायचं, म्हणून नाटकाकडून पैशाची अपेक्षा कधी ठेवावी लागली नाही. प्रेक्षकाला आवडेल का, तिकीट खपेल का, हा प्रश्न न विचारता आम्ही संहिता निवडल्या. हे स्वातंत्र्य मोठमोठ्या व्यावसायिक नटांना नव्हतं.

समाधान कशातून मिळालं म्हणून विचारलंत. पंचवीस माणसं महिनाभर एका गोष्टीसाठी झटतात आणि पडदा उघडतो, त्यातून. आजही त्यातल्या प्रत्येकाच्या घरच्या लग्नाला मी असतो. पोटासाठी वेगळं काम असणं म्हणजे कमी दर्जाचा कलावंत, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

आखाजीचा_झोका
लोकोआबा, तुमच्याबद्दल आदर आहे, तुमची नाटकं मी लहानपणी पाहिली आहेत. पण एक विचारते. रात्रपाळीहून आल्यावर तुम्ही चार तास झोपायचात तेव्हा स्वयंपाक कोण करत होतं? तालमीहून रात्री बाराला आल्यावर ताट कोण वाढत होतं?

"नोकरी सांभाळून कला" हा सल्ला पुरुषांना लागू पडतो. बाईला नोकरी, घर आणि मग कला असे तीन डाव खेळावे लागतात, आणि तिसऱ्याची पाळी येते तेव्हा अंगात त्राण उरत नाही. मी शिक्षिका आहे, कविता लिहिते, म्हणजे लिहायचे. माझ्या संग्रहाचं बाड आठ वर्षं कपाटात आहे.

आसोद्याच्या बहिणाबाईंचं नाव आपण सगळे अभिमानाने घेतो. विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. पण त्या गेल्या १९५१ साली आणि गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ साली. मुलाने, सोपानदेवांनी, ती उतरवून ठेवली, अत्र्यांच्या हाती पडली, म्हणून आपल्यापर्यंत आली. जात्यावर, शेतात, चुलीपुढे रचलेली, ज्यांना उतरवून घेणारं कुणी भेटलं नाही अशी किती गाणी गेली असतील? कानबाईची, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), गौराईची गाणी अजूनही बाया रचतात आणि त्यांच्यावर कुणाचंही नाव नसतं.

म्हणून रेषाला माझा सल्ला शहर-गावाचा नाहीच. वेळ कुणाच्या हातात राहणार ते बघ. पुण्यात एकटी राहशील, कामावरून येशील, दार लावून चित्र काढशील, तुला कुणी "पाहुणे आले, चहा टाक" म्हणणार नाही. माझ्या मते ही सगळ्यात मोठी कमाई आहे. लग्नाचं घरात कुणी काढलं तर हेच आधी बोलून घे.

भुसावळ_लोको
आखाजीताई, बरोबर बोललात. आमची सौ. सगळं करायची, तेव्हा माझं नाटक उभं राहायचं. ती स्वतः सुंदर गायची. तिचं गाणं भजनी मंडळापुरतं राहिलं. आजच्या मुलींनी मी सांगितलेली वाट धरायची असेल तर घरातलं काम आधी वाटून घेतलं पाहिजे, त्याशिवाय ती वाट नाही. तुमचं बाड कपाटातून काढा. टाइप करून द्यायला माझ्याकडे वेळ आहे आणि मराठी टंकलेखन येतं.

आखाजीचा_झोका
आबा, धरते हं शब्दाला.

पारोळ्याचा_ढोल
मी अहिराणी गाणी लिहितो, चाली बांधतो. लगीनसराईत डीजेवर, बँडवर जी वाजतात तीच. धाग्यात ज्याचा उल्लेख अजून आला नाही ते सांगतो. ताईला हे सगळ्यात जास्त कामाचं आहे.

अहिराणी गाण्यांना आज प्रेक्षक आहे. यूट्यूबवर काही गाण्यांना कोटींत व्ह्यूज आहेत, सुरतपासून मुंबईपर्यंत कामाला गेलेली आपली माणसं ती ऐकतात. वीस वर्षांपूर्वी अहिराणीत लिही म्हटलं तर लोक हसायचे. आता लग्न ठरलं की आधी गाणं ठरतं. म्हणजे आपल्या बोलीत काम करून पोट भरत नाही, हे आता खरं राहिलेलं नाही.

पण पैसा कुणाकडे जातो? माझं एक गाणं एका चॅनेलवाल्याने घेतलं. एकरकमी पैसे दिले, कागद केला नाही. गाणं चाललं. चॅनेल त्याचं, जाहिरातीचा पैसा त्याचा. पुढे तेच गाणं मी माझ्या चॅनेलवर टाकलं तर माझ्यावरच कॉपीराइटचा दावा आला. चाल माझी, शब्द माझे, दावा त्याचा! पत्र लिहिलं, उत्तर नाही.

तेव्हापासून माझा नियम. गाणं देताना कागदावर चार गोष्टी: शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती वर्षांसाठी दिलं, आणि व्हिडिओखाली नाव कसं येणार. स्वतःचं चॅनेल काढलं. एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहणं झालं की जाहिरातीचा वाटा सुरू होतो. तिथवर पोचायला वेळ लागतो, पण ते चॅनेल आपलं असतं.

आपल्याकडे केळीची कापणी झाली की बुंध्याचं पिल ठेवतात आणि त्याच मुळावर पुढचं पीक घेतात. हक्क आपल्याकडे ठेवलेलं काम असं असतं. एकदा केलं, पुन्हा पुन्हा घड देतं. विकून टाकलं की पिलबाग दुसऱ्याची.

ताई, तुन्हं काम तुन्हंच शे. कोनलेबी फुकट दिऊ नको.

जळगावचा_वकील
ढोलभाऊंनी विषय काढलाच आहे, तर कायदा थोडक्यात मांडतो. हा सल्ला सगळ्या कलावंतांना लागू.

कॉपीराइट कायदा १९५७ चा, २०१२ मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. काम केल्या क्षणी हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी पुराव्याला मदत करते, इतकंच. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तोंडी व्यवहारात हक्क हस्तांतरित होत नाही. ढोलभाऊ, तुमच्या बाबतीत कागदच नसेल तर समोरच्याकडे तरी काय आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. एकदा कागदपत्रं, मेसेज, पैसे आल्याची नोंद घेऊन प्रत्यक्ष कुणा वकिलाला दाखवा.

करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच हक्क दिला असं धरलं जातं. म्हणूनच छापील करारांत "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण जगभर" हे शब्द आधीच टाकलेले असतात. ते खोडायला सांगता येतं. लोक मागत नाहीत म्हणून मिळत नाही.

गीतकार-संगीतकारांसाठी २०१२ च्या दुरुस्तीत आणखी एक संरक्षण आहे. गाण्याच्या ध्वनिमुद्रणात तुमचे शब्द किंवा चाल वापरली तर रॉयल्टीतला तुमचा वाटा तुम्ही सोडून देऊ शकत नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. आयपीआरएस ही अशी संस्था आहे. खान्देशातल्या गीतकारांनी तिचं सदस्य व्हावं.

आता रेषाताई, तुमच्यासाठी खास. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. स्टुडिओत काढलेले स्टोरीबोर्ड स्टुडिओचे, यात गैर काही नाही. पण काही नेमणूकपत्रांत कलम असतं की नोकरीच्या काळात तुम्ही जे काही निर्माण कराल ते सगळं कंपनीचं. मग तुमच्या आजीच्या गोष्टींच्या चित्रांवरही वाद उभा राहू शकतो. सही करण्याआधी ते कलम शोधा आणि लिहून घ्या की कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या साधनांनी केलेलं पुस्तकाचं काम तुमचं. आधी झालेली पानं तारखेसह स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

प्रिया_यावल
वकीलसाहेब, एक शंका. लोककथेवर हक्क कुणाचा? आजीने सांगितलेली गोष्ट तर सगळ्यांचीच.

जळगावचा_वकील
मूळ लोककथा कुणा एकाची नाही. तुम्ही ज्या शब्दांत लिहिली ती मांडणी आणि तुम्ही काढलेली चित्रं तुमची. दुसरा कुणी तीच गोष्ट त्याच्या शब्दांत सांगू शकतो, तुमची पानं उचलू शकत नाही.

सुवर्णनगरीचा_हिशोबनीस
कायदा झाला, आता पैसे. स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी.

उद्यम नोंदणी करून घ्या, मोफत आहे, घरबसल्या होते, कुणा एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की काम घेणाऱ्याने करारानुसार, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. हे कलम बिलाच्या तळाशी एका ओळीत छापा. भांडायची वेळ सहसा येत नाही, ओळ वाचूनच पैसे येतात.

व्यावसायिक शुल्कावर कंपनी १० टक्के टीडीएस, म्हणजे प्राप्तिकर, आधीच कापते. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरलं की जास्तीचे परत मिळतात. अनेक कलावंत "आपलं उत्पन्न कमी" म्हणून विवरणपत्र भरतच नाहीत आणि परतावा सोडून देतात. वर शिस्त म्हणून विवरणपत्रं असतील तर पुढे घरासाठी किंवा कॅमेऱ्यासाठी कर्ज मिळतं. जीएसटीची मर्यादा सेवांसाठी वार्षिक २० लाख आहे, सुरुवातीला त्याची काळजी नको.

आणि घरखर्चाचं व कामाचं बँक खातं वेगळं ठेवा.

मोसबंगला
मी चाळीसगावचा. छायाचित्रकार केकी मूस यांचं नाव अजून निघालं नाही याचं आश्चर्य वाटतं.

१९१२ चा जन्म. इंग्लंडात शिकून आलेला माणूस, मुंबईत किंवा परदेशात राहता आला असता, पण चाळीसगावात रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात राहिला आणि चार दशकांहून जास्त काळ जवळजवळ घराबाहेरच पडला नाही. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, प्रकाश लावून, समोर अख्खं निसर्गदृश्य उभं आहे असं वाटायला लावणारी छायाचित्रं काढायचा. त्या टेबलटॉप छायाचित्रांना देशाबाहेर बक्षिसं मिळाली. चित्रं, शिल्पं, ओरिगामी, संगीत, सगळं त्याच घरात. १९८९ ला गेले. आज त्या घराचं संग्रहालय आहे. रेषाताई, कुठलाही निर्णय घेण्याआधी एकदा येऊन पाहा. चाळीसगाव लांब नाही.

गावात राहून जगाच्या तोडीचं काम होतं, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे.

नंदुरबार_ते_कोथरूड
मूस मला फार प्रिय आहेत. पण ते इंग्लंडात शिकून मग घरात बसले, हे विसरू नका. आधी पाहणं झालं, नंतर एकांत. रेषाताईंच्या वाटेत पाहणं अजून बाकी आहे.

मोसबंगला
मान्य. पण आज पाहायला पुण्याला जावंच लागतं असं नाही, मोबाइलवर जगभरची चित्रं दिसतात.

नंदुरबार_ते_कोथरूड
दिसतात. आपल्या चित्रावर बोट ठेवणारं कुणी मोबाइलमध्ये बसलेलं नसतं.

केळी_आणि_कविता
वर आखाजीताईंनी बहिणाबाई आणि ढोलभाऊंनी अहिराणी एका दमात घेतल्यासारखं वाटलं, म्हणून नम्र नोंद. बहिणाबाईंची भाषा लेवा गणबोली. अहिराणी वेगळी.

पारोळ्याचा_ढोल
कोण म्हणालं एकच आहे? मी माझ्या गाण्यांबद्दल बोललो.

शेवभाजी_स्पेशल
हा वाद सुरू झाला की दहा पानं जातात. पुढे तावडीवाले येतील, मग गुजर बोलीवाले. मी भरीत पार्टी ठेवतो, कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात माझ्याकडून, तिथं मिटवा.

केळी_आणि_कविता
भरीत असेल तर वाद मागे घेतो. पण वांगी बामणोदची.

धागा_संपादक
बोलींवर वेगळा धागा आहे, तिकडे जरूर बोला. इथं रेषा यांच्या प्रश्नावर राहू या.

शहाद्याचे_गुरुजी
उशिरा येतोय. सातपुड्याच्या आश्रमशाळेत अनेक वर्षं शिकवलं, म्हणून एक बाजू मांडतो.

पहिलीत येणारं मूल घरी भिलोरी किंवा पावरी बोलतं आणि पुस्तक प्रमाण मराठीत. चित्रातलं घर त्याच्या घरासारखं नसतं, झाड त्याच्या झाडासारखं नसतं, बाईचं लुगडं त्याच्या मायच्या नेसण्यासारखं नसतं. मी स्वतः फळ्यावर महूचं झाड, तीर-कामठं, पावरी हे वाद्य वाजवणारा माणूस काढायचो, तेव्हा गप्प बसणारी पोरं बोलायला लागायची. जनगणनेत खान्देशी भाषेची वेगळी नोंद होते, २०११ मध्ये बोलणाऱ्यांचा आकडा १८ लाखांच्या वर होता. त्यांच्या मुलांसाठी त्यांच्या बोलीत, त्यांच्या घरांसारखी घरं असलेली चित्रपुस्तकं किती आहेत? बोटावर मोजण्याइतकी. रेषाताई, तुम्ही जे रात्री करता आहात त्याची गरज मी वर्गात उभा राहून पाहिली आहे. ते अर्धवट सोडू नका.

एक विनंतीही करतो. उद्या आदिवासी पाड्यांवरच्या गोष्टींकडे वळलात तर सांगणाऱ्याचं नाव पुस्तकात छापा, त्यांना मानधन द्या, पानं आधी त्यांना दाखवा. काठी गावच्या होळीला दरवर्षी कॅमेरे येतात, कमरेला घुंगरं बांधून नाचणाऱ्या माणसाचे फोटो काढून जातात, पुढे ते फोटो कुठे छापले गेले हे त्या माणसाला कधी कळत नाही. आपल्या हातून तसं होऊ नये.

प्रिया_यावल
गुरुजी, तुमचा प्रतिसाद छापून स्टाफरूममध्ये लावते आहे.

मला फैजपूरची आठवण काढाविशी वाटते, आमच्या तालुक्यातलं. १९३६ चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं आणि सांगितलं की गावात मिळेल तेच सामान वापरायचं. बांबू, चटया, गवत, माती. एवढा मोठा चित्रकार, त्याने इथल्या बुरुडाच्या आणि सुताराच्या हातचं काम घेऊन अख्खी नगरी सजवली. पैसा किंवा महागडं सामान नाही म्हणून अडलो, असं कुणी म्हणालं की मी ही हकीकत सांगते.

धुळेकर_प्रिंटवाला
हे माहीत नव्हतं. फैजपूरला किती वेळा गेलो, कुणी सांगितलं नाही.

तापीकाठचा
मी पहिल्याच प्रतिसादात एका ओळीत "जा" म्हणालो होतो. सगळं वाचल्यावर अजूनही तेच म्हणतो, पण वकीलसाहेबांचं कलम तपासून.

आखाजीचा_झोका
रेषा, तू गप्प का? काय चाललंय मनात?

रेषा_चोपडा
गप्प नव्हते, वाचत होते आणि वडिलांना वाचून दाखवत होते. आईनेही ऐकलं. "चहा टाक" वाचल्यावर ती हसली आणि म्हणाली, ही बाई खरं बोलते.

स्टुडिओला फोन केला. नेमणूकपत्राचा मसुदा आधी मागितला, त्यांनी पाठवला. वकीलसाहेब, तुम्ही म्हणालात तसं कलम त्यात आहे. मी लिहून विचारलं की कामाच्या वेळेबाहेरचं माझं पुस्तकाचं काम यातून वगळाल का. त्यांनी नाही म्हटलं नाही, कायदेशीर सल्लागाराला विचारून सांगतो म्हणाले. कोथरूडदादा, स्टोरीबोर्ड विभागात कुणाच्या हाताखाली काम करायचं तेही विचारलं. त्या बाईंचं काम मी पाहिलं आहे, त्यांच्याकडून शिकायला मला आवडेल.

ते कलम बदलून मिळालं तर दोन वर्षांसाठी जाणार. नाही मिळालं तर जाणार नाही. मग इथंच प्रिंटवाले भाऊंच्या पद्धतीने डिझाइनचं वेगळं बिल करून काम सुरू करीन आणि शिकण्यासाठी दुसरी सोय बघीन. दोन्ही वाटांवर सकाळचा तास माझा, आणि पहिली गोष्ट पुढच्या आखाजीच्या आत पूर्ण करायची हे पक्कं.

गुरुजी, तुमच्या ओळखीच्या एखाद्या शाळेत पानं दाखवायला येऊ का? मुलांना घरं ओळखीची वाटतात का ते बघायचं आहे.

शहाद्याचे_गुरुजी
अवश्य या. परीक्षा संपण्याआधी या, नंतर मुलं गावी जातात. अहिराणी शाळा हवी असेल तर शिंदखेडा तालुक्यात माझे विद्यार्थी आता शिक्षक आहेत, तिकडेही बोलतो. पानं ए-थ्री आकारात छापून आणा, मागच्या बाकावरून दिसली पाहिजेत.

धुळेकर_प्रिंटवाला
ए-थ्रीची छपाई माझ्याकडून. जाड मॅट कागदावर देतो, चकचकीत कागदावर वर्गातल्या उजेडात चित्र दिसत नाही. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, पाठवा.

जळगावचा_वकील
स्टुडिओचं उत्तर आलं की कलमाचे नेमके शब्द इथं टाका, नाव-गाव झाकून. "वगळू" असं फोनवर म्हणाले तर धरू नका, नेमणूकपत्रातच दुरुस्ती हवी. आणि नोकरी सोडल्यानंतर काही महिने दुसरीकडे असंच काम करायचं नाही, अशी अट आहे का तेही बघून घ्या.

रेषा_चोपडा
आहे. सहा महिन्यांची. तिच्याबद्दल आजच विचारते.